मार्कोनी आणि आकाशांतील थर

पुणें जिल्ह्यांतील खडकी व दौंड हीं स्टेशनें आगगाडीनें जाणाऱ्यांस परिचित आहेत. परंतु १९२७ च्या सप्टेंबरांत खडकीहून विलायतेस थेट बिनतारी संदेश जाऊं लागले व तिकडचे दौंडास घेतले जाऊं लागले, हें थोड्यांसच ठाऊक असेल. या योजनेचे जनक गुल्येल्मो मार्कोनी हे होत.

त्यांचा जन्म इटलींतील बोलोन्या शहरीं २५ एप्रिल १८७४ रोजीं झाला. वडील इटालियन जमीनदार, आई आयरिश. विद्यापीठाची पदवी त्यांनीं घेतली नाहीं. तथापि १८९५ सालीं वडिलांच्या मळ्यांतून त्यांनीं तारेवांचून टेकडीपलीकडे खूण पोंचविली. १२ डिसेंबर १९०१ रोजीं इंग्लंडांतून सोडलेलें एक अक्षर अटलांटिकपार न्यूफाउंडलंडांत ऐकूं आल्याचें त्यांनीं जाहीर केलें. (त्या ऐकण्याविषयीं कांहीं अभ्यासक आजही शंका घेतात.) पृथ्वी गोल असतां लहर वळली कशी, हें कोडें पंडितांस पडलें. शिवाय १९०२ सालीं जहाजावर मार्कोनींना आढळलें कीं, दिवसा लवकर विरणारे संदेश रात्रीं कितीतरी दूर पोंचतात.

याचें उत्तर आकाशांत होतें. केनेली व हेवीसाइड यांनीं त्याच वर्षीं वातावरणांत उंचावर विद्युद्वाहक थर असावा असें सुचविलें; १९२४ सालीं अ‍ॅपलटन यांनीं तो प्रयोगानें सिद्ध केला. सूर्यकिरणांनीं विद्युद्भारित झालेल्या या प्रदेशास आयनांबर म्हणतात. लहर फार आंखूड, म्हणजे तिची कंपनसंख्या फार मोठी असेल, तर ती आयनांबर भेदून निघून जाते. लहर लांब असेल, तर दिवसा खालच्या थरांत तिची बहुतेक शक्ति शोषिली जाते. मधला पट्टा तेवढा कामाचा. आणि तोही प्रहर, ऋतु व सूर्यावरील डागांचें सुमारें अकरा वर्षांचें चक्र यांप्रमाणें वरखालीं सरकतो.

मार्कोनी मात्र वीस वर्षें प्रचंड यंत्रें उभारून लांब लहरींच्याच मागें राहिले. १९०९ सालीं नोबेल पारितोषिक लाभलें, तेंही याच काळांत. अमेरिकेंत १९१२ च्या कायद्यानें हौशी मंडळींकडे २०० मीटर व त्याखालच्या ‘निरुपयोगी’ लहरी सोपविल्या. त्याच हौशांनीं १९२३ सालीं लघुलहरींवर अटलांटिकपार संभाषण साधलें! मार्कोनीही त्याच सुमारास आपल्या ‘एलेत्रा’ नौकेवर प्रयोग करीत होते. १९२४ सालीं ३२ मीटरांची लहर भर दिवसा इंग्लंडाहून बैरुतपर्यंत आली. म्हणूनच भारताशीं दळणवळणास दोन लहरी योजिल्या गेल्या: दिवसा सुमारें १६ मीटरांची, रात्रीं सुमारें ३४ मीटरांची.

मुसोलिनीच्या राजवटीस त्यांनीं दिलेला पाठिंबा चरित्रकारास लपवितां येत नाहीं. २० जुलै १९३७ रोजीं रोम येथें ते निवर्तले, तेव्हां इंग्लंडांतील नभोवाणी दोन मिनिटें स्तब्ध राहिली.

अंधेरीच्या गच्चीवर तार बांधणारा हौशी आजही दूर देशाशीं बोलण्यास दिवसा वीस मीटरांची लहर घेतो, आणि रात्रीं तिच्यावर शुकशुकाट झाला कीं चाळीसाकडे वळतो.