पळवणकर बाळू

पळवणकर बाळू (१९ मार्च १८७६, धारवाड – ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटपटू होते. ‘पी. बाळू’ या नावानेही ते ओळखले जात. डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज असलेले बाळू हे १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघाचे प्रमुख गोलंदाज होत. तत्कालीन समाजाने अस्पृश्य मानलेल्या चर्मकार समाजात त्यांचा जन्म झाला. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे धाकटे बंधूही नामांकित क्रिकेटपटू होते.

पूर्वायुष्य

पळवणकर घराणे मूळचे कोकणातील पळवण या गावचे. वडील लष्करी नोकरीत असल्याने बाळू यांचे बालपण पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि शिवराम खेळ शिकले. पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्लबात मैदान झाडण्याचे व खेळपट्टीवर रूळ फिरवण्याचे काम बाळू यांना मिळाले. पगार महिना ३ रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर रुजू झाले. खेळपट्टी आखणे, सरावाची जाळी उभारणे ही तेथील त्यांची कामे. फावल्या वेळात ते साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत. जे. जी. ग्रेग हा नामवंत फलंदाज इतरांच्या आधी येऊन तासन्‌तास त्यांची गोलंदाजी खेळत असे. आपल्याला बाद केल्यास दर वेळी तो आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. या सरावाने बाळू यांचा टप्पा अचूक झाला. मात्र गोऱ्यांच्या त्या क्लबात त्यांच्या हाती बॅट कधी देण्यात आली नाही.

हिंदू संघात प्रवेश

युरोपियनांना हरवायचे तर बाळू संघात हवेत, हे पुण्यातील हिंदू खेळाडूंना कळत होते. परंतु त्यांना घ्यावे की नाही यावर मतभेद झाले. अखेर त्यांना घेतले गेले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेलाच चेंडू हाती घेत, चहापानाच्या वेळी मात्र बाळू यांना तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाचे ताटही निराळे असे. चेंडूला विटाळ नाही आणि कपाला आहे, ही विसंगती त्या काळी फार थोड्यांना खटकली.

पुण्यातील प्लेगच्या साथीनंतर ते मुंबईस आले व परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. या सामन्यात बाळू यांनी दोन्ही डावांत मिळून ८ बळी घेतले.

इंग्लंडचा दौरा (१९११)

पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पारशी, हिंदू, मुसलमान व शीख खेळाडूंचा संघ इंग्लंडला गेला. बाळू यांच्यासमवेत शिवरामही होते. पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचे ते वर्ष असल्याने महाराजांचे बरेचसे लक्ष समारंभांकडे राहिले आणि ते मोजकेच सामने खेळले. संघाने २३ सामन्यांपैकी १५ गमावले, ६ जिंकले.

अशा पडत्या संघात बाळू यांनी एकट्याने ११४ बळी मिळवले, तेही १९ हून कमी धावांच्या सरासरीने. त्या वर्षीचा इंग्लंडचा उन्हाळा असाधारण कडक व कोरडा होता. ओलसर खेळपट्टीची मंदगती फिरकीला होणारी मदत त्यांना फारशी मिळाली नाही. त्यातच त्यांचा खांदा दुखावलेला होता. संघाचे वय पस्तीस वर्षांच्या या गोलंदाजाला विश्रांती देण्याजोगे सामर्थ्य मात्र इतरांत नव्हते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. लेस्टरशायर काउंटीवरील विजयात त्यांचे ११ बळी होते. सॉमरसेटविरुद्धच्या सामन्यात शिवराम यांनी शतक झळकावले व संघ एका गड्याने जिंकला. बाळू यांची तुलना विल्फ्रेड ऱ्होड्स या थोर इंग्लिश गोलंदाजाशी होऊ लागली, ती अतिशयोक्त म्हणता येणार नाही.

मायदेशी परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजातर्फे त्यांचा सत्कार झाला. मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी तयार केले होते.

कर्णधारपदाचा प्रश्न

इंग्लंडमध्ये सिद्ध झालेल्या या गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी हा मान बाळू यांचा होता, असे जाहीरपणे मान्य केले. १९२० मध्ये बाळू यांना वगळून दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमले, तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनी निषेध म्हणून संघ सोडला. अंतिम सामन्यासाठी बंधू परतले आणि बाळू उपकर्णधार झाले; पै मैदानाबाहेर असताना त्यांनी संघाचे नेतृत्व केले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले व त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली.

राजकारण व अखेर

१९३२ च्या पुणे करारावर बाळू यांची स्वाक्षरी आहे. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर ते आंबेडकरांच्या विरोधात आणि एम. सी. राजा यांच्या बाजूने उभे राहिले. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेसाठी काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांविरुद्धच उभे केले. ज्यांनी मानपत्र लिहिले, त्यांच्याशीच ही लढत होती. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळू यांना ११,२२५ मते पडली.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले. विठ्ठल पळवणकर यांच्या ‘माझे क्रीडा-जीवन’ या मराठी आत्मचरित्रातून पळवणकर बंधूंच्या काळाची माहिती मिळते. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू यांचे निधन झाले.