वाटीने मोजायला शिकवणाऱ्या कमलाबाई

मैत्रिणींनो, मीठ किती घालायचं असं विचारलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं, अंदाजाने! पण ज्या नव्या सुनेला अजून अंदाजच आलेला नाही, तिने काय करायचं? हा प्रश्न सोडवला कमलाबाई ओगले यांनी. त्यांचं ‘रुचिरा’ कितीतरी घरांत आहे, पण खुद्द बाईंबद्दल आपल्याला फारसं ठाऊक नसतं.

कमलाबाईंचा जन्म १९१३ सालचा. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलला त्या चौथीपर्यंत शिकल्या. लग्न होऊन सांगलीला ओगल्यांच्या घरी आल्या तेव्हा स्वयंपाक येत नव्हता. सासूबाईंनी तो शिकवला. पुढे त्या स्वतःच इतर बायकांना शिकवू लागल्या. १९७० साली ‘रुचिरा’ निघालं, तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती.

त्यांनी माप घेतलं ते आपल्या वाटी-चमच्याचं. तराजू कोणाच्या ओट्यावर असतो? वाटी मात्र सगळ्यांकडे. ती लहान असो की मोठी, सगळे जिन्नस त्याच वाटीने घेतले की प्रमाण बिघडत नाही. पुस्तकाच्या लाखाच्या वर प्रती खपल्या. १९९९ साली कमलाबाई गेल्या, पुस्तक मात्र अजून चालतंच आहे.

आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात बचत गटांबरोबर काम करताना मला त्यांची आठवण होते ती दिवाळीच्या तोंडावर. घरच्या चकलीच्या भाजणीला तांदूळ ४ वाट्या, हरभऱ्याची डाळ २, मूगडाळ १ आणि उडीदडाळ १. दहापट करायची तर ४०, २०, १०, १०. इथवर सोपं. पण एवढ्या वाट्या मोजत कोण बसणार? किलोवर यावंच लागतं, आणि खरी मेख तिथेच आहे. वाटीभर धणे वाटीभर तांदळापेक्षा कितीतरी हलके. म्हणून प्रत्येक जिन्नस आधी वाटीने घ्यायचा, काट्यावर ठेवून ग्रॅम वहीत लिहायचे, आणि मग त्या ग्रॅमची पट करायची. तिखट-मीठ आधी थोडं हात राखून, एक छोटा घाणा तळून चाखायचा.

हे लिहिलेलं नसलं की गटाची भाजणी एकाच बाईच्या हातात अडकते. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली की चव बदलते आणि बांधलेलं गिऱ्हाईक तुटतं. चार बायकांची दिवाळीची कमाई त्यावर असते हो! लिहिलेलं प्रमाण असेल तर काल आलेली मुलगीसुद्धा तीच चव काढते.

एका सासूने एका सुनेला दिलेली विद्या कमलाबाईंनी लाखभर घरांत पोचवली, तीही चौथीच्या शिक्षणावर. तुमच्या आईचा, सासूबाईंचा एखादा मसाला, एखादं मेतकूट असेलच. पुढच्या वेळी त्यांनी मूठ भरली की खाली वाटी धरा, मोजा आणि लिहून ठेवा.