पोलादाची वाट सोडलेला मुंबईकर : डॉ. होमी भाभा

पोलादाच्या आश्रयाने ज्यांचे संसार उभे राहिले, त्या रसमडा-भिलाईच्या आम्हां मराठी कुटुंबांना डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे चरित्र विशेष जवळचे वाटावे. त्यांच्यासाठीही प्रथम पोलादाचीच वाट आखलेली होती.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुविद्य पारशी घराण्यात त्यांचा जन्म झाला. सर दोराबजी टाटा हे त्यांच्या आत्याचे यजमान. मुलाने केंब्रिजला यंत्रशास्त्र शिकून जमशेदपूरच्या कारखान्यात रुजू व्हावे, अशी वडीलधाऱ्यांची योजना होती. १९२७ मध्ये ते विलायतेस गेले खरे. परंतु मन रमले पदार्थविज्ञानात. वडिलांनी अट घातली, आधी यंत्रशास्त्रात प्रथम वर्ग मिळवावा, मग आवडीचा विषय. १९३० मध्ये पुत्राने ती पुरी केली आणि पित्यानेही शब्द पाळला.

आमच्या परिचयाच्या लोखंडाचेच पाहा. त्याच्या प्रत्येक अणूत २६ धनभारित प्रोटॉन व २६ ऋणभारित इलेक्ट्रॉन असतात. भार समसमान, म्हणून अणू उदासीन. १९३२ मध्ये मात्र इलेक्ट्रॉनएवढ्याच वस्तुमानाचा, पण धनभारित असा पॉझिट्रॉन आढळला. हे दोन कण परस्परांवर आदळून कसे विखुरतात, याचे गणित भाभांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. दोघे नाहीसे होऊन पुन्हा नवी जोडी जन्मते, ही शक्यताही त्यांनी हिशेबात धरली. ती प्रक्रिया आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. विश्वकिरणांतील एकच कण वातावरणात शिरून कणांची सर कशी बरसवितो, हे त्यांनी १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासह उलगडले.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले असता महायुद्ध पेटले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते काम करू लागले आणि पुढे येथेच राहिले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतातील विमान-अपघाताने हे कर्तृत्व अकाली खंडित केले.

आमची मुलेही भट्ट्यांच्या उजेडात वाढली आहेत. उद्या त्यांपैकी कोणी निराळी वाट मागितली, तर होमींची जिद्द त्यांना लाभो आणि जहांगीरजींनी पाळलेला शब्द आम्हांस आठवो.