शांततेचा खेळ

वर्गातील गोंगाट छडीनेच थांबतो, असे पूर्वी पुष्कळ शिक्षकांस वाटे. इटलीतील मारिया माँटेसरी यांना तसे वाटत नव्हते. १८७० साली जन्मलेल्या या विदुषी १८९६ मध्ये रोम येथे डॉक्टर झाल्या. पण त्यांचे मन रमले ते मुलांत. १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी ‘मुलांचे घर’ उघडले. पुढे १९३९ मध्ये त्या भारतातही आल्या.

एके दिवशी अंगणात त्यांना एक आई भेटली. तिच्या कडेवर चार महिन्यांची मुलगी दुपट्यात गुंडाळलेली होती. बाईंनी त्या तान्हुलीला वर्गात नेले. ही पाय कसे मुळीच हलवीत नाही, हिचा श्वास किती हळू चालला आहे, असे त्या थट्टेने म्हणाल्या. मुलांनी मात्र ते मनावर घेतले! पाय जुळले, श्वास मंदावले. एरवी कानी न पडणारी घड्याळाची टिकटिक स्पष्ट ऐकू येऊ लागली.

त्यातून एक खेळच निघाला. बाई दुसऱ्या खोलीतून एकेकाचे नाव कुजबुजत आणि ते मूल चवड्यांवर चालत त्यांच्यापाशी जाई. चाळीसांहून अधिक मुले. शेवटच्याला केवढा वेळ तिष्ठावे लागे! म्हणून बाईंनी खाऊ देऊ केला. मुलांनी तो घेतला नाही.