नटाचे कोपरे आणि जेपी योहानसन

फर्स्ट इयरच्या फिटिंग शॉपमध्ये ज्याने एकदा तरी पाना हातात धरलाय, त्याला गोल झालेला नट लांबून ओळखता येतो. म्हणायला सहा कोपरे, पण सगळे झिजलेले. पाना लावला की पाना फिरतो आणि नट जागच्या जागी. मग पाईप पाना आणा, छिन्नी-हातोडी आणा, आणि शेवटी नाइलाजाने हॅकसॉ. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या बाइक्सचे ॲक्सल नट आणि ऑइलचे ड्रेन प्लग वाकून बघा, निम्म्यांची हीच अवस्था दिसेल. आणि बऱ्याच वेळा आरोपी एकच असतो. स्क्रू पाना. म्हणजे मानेत दातेरी चक्री असलेला, जबडा पुढे-मागे करता येणारा तो पाना. काही जण त्याला ॲडजस्टेबल म्हणतात.

गंमत अशी की हा पाना आजच्या रूपात ज्याने आणला, तो माणूस नट फिरवता फिरवताच मोठा झालेला होता. योहान पेटर योहानसन हे त्याचं नाव. स्वीडनमध्ये त्याला नुसतं जेपी म्हणतात, आपणही तेच म्हणू.

जेपीचा जन्म १२ डिसेंबर १८५३ चा, पश्चिम स्वीडनमधल्या व्होर्गोर्दा इथला. बाप दुसऱ्याच्या जमिनीच्या तुकड्यावर राबणारा गरीब कुळ, आणि जेपी सहा भावंडांत थोरला. अशा घरातल्या थोरल्याचं काय होतं हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. शिक्षण बेताचंच, आणि लवकर कामावर. गावाजवळ पीटचा कारखाना होता. पीट म्हणजे दलदलीत वर्षानुवर्षं कुजून साठलेली वनस्पती, ती काढून, वाळवून जळण म्हणून वापरतात. त्या कारखान्यातल्या वाफेच्या यंत्रावर हा पोरगा मदतनीस म्हणून लागला. यंत्राशी पहिली ओळख ती. पुढे रेल्वेमार्गाच्या बांधकामावर मजुरी केली, मग सक्तीची लष्करी नोकरी, आणि ती संपल्यावर १८७८ साली तो एस्किल्स्टुनाला आला.

एस्किल्स्टुना हे लोखंडकामाचं गाव. चाकू, कात्र्या, कुलुपं, हत्यारं यासाठी प्रसिद्ध. तिथल्या मुंकटेल कारखान्यात जेपीला काम मिळालं. स्वीडनमध्ये बांधलेलं पहिलं रेल्वे इंजिन याच कारखान्यातलं, आणि ते पूर्ण झालं ते सालही १८५३ च. (योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नये.) मुंकटेलमध्ये शेतीसाठी लागणारी, ओढून नेता येणारी वाफेची यंत्रंही होत. जेपीचं खरं कॉलेज हे. नंतर त्याने वेस्टेरोस शहराबाहेरच्या एका मोठ्या शेतावर लोहारकी केली, त्याच शहरात एका वर्कशॉपमध्येही काम केलं. लोहारकीचा काळ चरित्रात एका ओळीत उरकला जातो, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. कारखान्यातला माणूस एकाच प्रकारचे नट बघतो. शेतावरच्या लोहाराकडे मात्र दहा ठिकाणी बनलेली दहा यंत्रं येतात, आणि प्रत्येकाचे नट वेगळे.

१८८६ साली जेपी एन्शॉपिंग या लहानशा गावात आला आणि स्वतःचं वर्कशॉप काढलं. वय बत्तीस. आसपासच्या शेतकऱ्यांची यंत्रं दुरुस्त करणं हा मुख्य धंदा. इथे त्याला जे रोज दिसत होतं ते असं, की दुरुस्तीला निघालेल्या माणसाला पान्यांचं भलंमोठं ओझं बरोबर न्यावं लागे. नटाचं माप ठरलेलं नसायचं. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचं प्रमाण सुचवलं होतं, पण खेड्यातल्या लोहाराने ठोकून केलेल्या नटाला त्याचं काय! त्यातून १८८० च्या दशकात स्वीडन जुन्या मापांवरून मीटर-किलोग्रॅमवर चाललेला. एकाच यंत्रावर जुना इंच, इंग्लिश इंच आणि मिलिमीटर असे तिघे गुण्यागोविंदाने नांदत असले तर नवल नाही.

आता आपल्या विषयाचा गाभा. मापाचा पाना नसला की माणूस काय करतो? एक नंबर मोठा लावतो. आणि तिथेच नट मरतो. जरा हिशोब करून बघू, मेकॅनिक्सचा पहिला पेपर दिलेल्या कुणालाही जमेल. एम १६ चा नट घ्या, सपाट बाजूंमधलं अंतर २४ मिमी. पाना २४.५ मिमी उघडा आहे. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचं ढिलेपण. पाना साधारण दोन अंश फिरला की नटाचे समोरासमोरचे दोन कोपरे जबड्यांना टेकतात, आणि सगळा भार त्या दोन कोपऱ्यांवर. पान्याच्या २५० मिमी दांड्याच्या टोकाला २०० न्यूटन, म्हणजे वीस किलोच्या आसपास जोर लावला तर टॉर्क झाला ५० न्यूटन-मीटर. षटकोनी नटाची एक बाजू साधारण १३.९ मिमी, आणि या दोन टेकणाऱ्या कोपऱ्यांमधलं जबड्याच्या रेषेतलं अंतर तेवढंच. भागाकार केला की एकेका कोपऱ्यावर ३६०० न्यूटन, म्हणजे साडेतीनशे किलोहून जास्त, आणि तो झेलायला धातूची जेमतेम एक रेघ. मऊ पोलादाचा कोपरा चेपणारच. चेपला की ढिलेपण वाढतं, पुढच्या वेळी पाना आणखी फिरतो, आणखी चेपतो. एकदा सुरू झालं की थांबत नाही. (चौकोनी नटाला हा त्रास कमी, कारण त्याची बाजू पूर्ण २४ मिमी. त्यामुळे भार २१०० न्यूटनच्या आत राहतो.)

जेपीने हे गणित कागदावर मांडलं असेल असा माझा आग्रह नाही. पण लोहाराच्या डोळ्याला हे कळतं.

त्याचं पहिलं नाव झालं ते मात्र नटासाठी नाही, पाईपसाठी. १८८८ साली त्याला पाईप पान्याचं पेटंट मिळालं. पाईपची अडचण नटाच्या बरोब्बर उलट. गोल वस्तूला पकडायला सपाट बाजूच नाही. तेव्हा पकड यायची ती घर्षणाने, आणि घर्षण हवं तर दाब हवा. युक्ती अशी की फिरवायला लावलेला जोरच जबडे आवळायला वापरायचा. जितकं ओढाल तितकी पकड घट्ट. याआधी अमेरिकेत डॅनियल स्टिल्सनने १८६९ साली आपल्या पाईप पान्याचं पेटंट घेतलं होतं, त्यातही तत्त्व हेच. पण या पकडीची किंमत असते. जबड्याचे दात पाईपमध्ये रुततात, ओरखडे उठतात. काळ्या लोखंडी पाईपला चालतं, बाथरूमच्या चकचकीत नळाला चालत नाही. प्लंबरने क्रोमच्या नळावर पाईप पाना लावला आणि घरमालकिणीचा चेहरा पडला, हे दृश्य बहुतेकांनी पाहिलं असेल. तिथे पट्ट्याचा पाना लागतो, जो कापडाने किंवा रबराने सगळीकडून वेढतो. ऑइल फिल्टर काढायला गॅरेजवाले वापरतात तसला. म्हणजे न दुखावता धरायचं तर दोनच रस्ते. वस्तू सपाट असेल तर सपाटीला नेमकं बसा. गोल असेल तर दाब सगळीकडे वाटून द्या.

जेपीने पहिल्या रस्त्यावर काम केलं ते पुढच्या पेटंटमध्ये, १८९१-९२ च्या सुमारास. हाच आपला स्क्रू पाना. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण इंटरनेटवर सरसकट त्याला ॲडजस्टेबल पान्याचा जनक म्हणतात. जबडा सरकणारे पाने त्याच्याआधी होते. इंग्लंडमध्ये रिचर्ड क्लायबर्नचा पाना १८४२ चा, अमेरिकेत लोरिंग कोजचा त्याच्या एक वर्ष आधीचा. कोजच्या पान्याचे जबडे दांड्याला काटकोनात, हातोडीसारखे. डोकं जड, अडचणीच्या जागी शिरायचं नाही. जेपीने केलं ते असं. स्थिर जबडा, डोकं आणि दांडा एकाच तुकड्यात घेतले. सरकता जबडा डोक्यातल्या खाचेत बसवला, त्याच्या पोटाला दाते दिले आणि ते मानेतल्या आटेदार चक्रीत अडकवले. डोकं सडपातळ, आणि जबड्यांचं तोंड दांड्याच्या रेषेला तिरकं. एका अंगठ्याने चक्री फिरवायची, नट पकडायचा.

यातली चक्री दिसायला किरकोळ आहे, पण सगळं तिच्यात आहे. तिच्या आट्यांचा उतार इतका कमी असतो की चक्रीने जबडा सरकतो, पण जबड्याने चक्री फिरत नाही. मशीन डिझाइनला सेल्फ-लॉकिंग म्हणून जे शिकवतात ते हेच. नट कितीही रेटू दे, पाना उघडत नाही. आणि माप पायऱ्यापायऱ्यांनी नव्हे तर सलग बदलतं, त्यामुळे नट इंचाचा असो, मिलिमीटरचा असो की लोहाराच्या मनाचा, जबडे सपाटीला भिडवता येतात. वर सांगितलेलं ते अर्ध्या मिलिमीटरचं ढिलेपण त्या काळी घालवायचं दुसरं साधन खेड्यातल्या माणसाकडे नव्हतंच. गंजलेला, ओबडधोबड, मापात न बसणारा नट न बिघडवता सोडवणं हेच या पान्याचं काम होतं.

मग आज तोच पाना नटाचे कोपरे का खातो? एक कारण पान्यात आहे. सरकत्या जबड्याला सरकायला थोडी मोकळीक हवीच, आणि खाच-दाते झिजले की ती वाढत जाते. जोर आला की जबडा किंचित मागे झुकतो. फिक्स पान्यात हे होत नाही, आणि रिंग पाना तर भार दोन कोपऱ्यांऐवजी सहांवर वाटतो. दुसरं कारण आपल्यात आहे. नटावर बसवल्यावर चक्री पुन्हा एकदा आवळायची असते, ती कोण आवळतो! नट नीट आत न घेता जबड्याच्या टोकानेच ओढतो, दांड्याला पाईप लावून लांबी वाढवतो, आणि कहर म्हणजे त्याच पान्याने ठोकतोसुद्धा. आता एम १६ चा नट कुठल्याही दुकानातून घ्या, बाजू २४ च असते. जो प्रश्न सोडवायला हा पाना जन्मला तो बराचसा प्रमाणीकरणानेच सुटला, पाना मात्र सवयीने राहिला. माझ्या मते टूल किटमध्ये त्याची जागा शेवटची. बाकी काही बसत नसेल तेव्हाची.

पुन्हा जेपीकडे. हत्यार चांगलं असून भागत नाही, ते विकावं लागतं. हे काम स्टॉकहोमच्या बी. ए. योर्ट या व्यापाऱ्याच्या कंपनीने घेतलं. या आडनावाचा उच्चार य ने होतो, पण स्वीडिश स्पेलिंगची सुरुवात एचने होते. म्हणून आद्याक्षरं बी, ए, एच आणि पुढे कंपनीचं को, असा शिक्का तयार झाला बाहको. योर्टकडे विकायला आणखी एक स्वीडिश वस्तू होती, ती आपल्या आज्यांना चांगली माहीत. प्रायमस! पंप मारून फर्रर्र पेटणारा रॉकेलचा स्टोव्ह. जगभर प्रायमस पोचवणाऱ्या त्याच व्यापाऱ्याने जेपीचे पानेही जगभर पोचवले. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे आजवर दहा कोटींहून जास्त झाले. नावाची गंमत मात्र देशोदेशी वेगळी. डेन्मार्कमध्ये या पान्याला स्वीडिश चावी म्हणतात, स्पेनमध्ये इंग्लिश चावी. अमेरिकेत तो क्रेसेंट, कारण कार्ल पीटरसन याने १९०७ साली तिथे काढलेल्या कंपनीचं ते नाव. आणि हा पीटरसनही मूळचा स्वीडनचाच.

महाराष्ट्राशीही एक धागा आहे. वर्कशॉपमधल्या पान्यांवर टपारिया हे नाव आपण रोज वाचतो. नाशिकला कारखाना असलेल्या या कंपनीने १९६९ साली हातहत्यारं करायला सुरुवात केली, ती एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने.

नटाच्या कोपऱ्यांचा प्रश्न जेपीनंतरही लोक सोडवतच राहिले. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्नॅप-ऑन कंपनीने सॉकेटच्या आतला आकारच बदलला. कोपऱ्याशी थोडी पोकळी ठेवली, त्यामुळे भार कोपऱ्यावर न येता त्याच्या अलीकडे सपाटीवर येतो. कोपरे अर्धे झिजलेला नटही त्याने निघतो. पुढे १९९९ साली याच स्नॅप-ऑनने बाहको विकत घेतली.

जेपी स्वतः पान्यापाशी थांबला नाही. त्याच्या नावावर शंभराहून जास्त पेटंट आहेत. १९१६ साली एन्शॉपिंगचा कारखाना योर्टच्या कंपनीकडे गेला. हाताशी पैसा, वय साठीच्या पुढे, कुणीही घरी बसला असता. याने १९१९ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, त्याच गावात ट्रिप्लेक्स नावाचा नवा कारखाना काढला आणि विजेचे दिवे करायला घेतले. त्यातला गाजलेला दिवा कुठला, तर हवा तसा हलवून हव्या त्या जागी आणता येणारा. चक्री नाही, जबडा नाही, पण डोक्यातला किडा तोच.

२५ ऑगस्ट १९४३ ला, नव्वदीला चार महिने कमी असताना, तो गेला. एन्शॉपिंगमध्ये त्याच्या नावाचं छोटं म्युझियम आहे, आणि त्यात अर्थातच पाने आहेत.