कॅथलीन फेरिअर

इंग्लंडातील कॅथलीन फेरिअर ह्यांचा जन्म १९१२ सालचा. चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्या ब्लॅकबर्नच्या टेलिफोन कचेरीत लागल्या. १९३७ साली पतीशी एका शिलिंगाची पैज लावून त्या कार्लाइलच्या गायनस्पर्धेत उतरल्या नि पहिल्या आल्या. पुढे ऑपेराच्या रंगभूमीवर त्यांचे नाव झाले. १९४९ साली एक लोकगीत त्यांनी वाद्यांच्या साथीवाचून, निव्वळ गळ्यावर ध्वनिमुद्रित केले. १९५१ साली कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, पण गाणे थांबले नाही. फेब्रुवारी १९५३ मध्ये लंडनला प्रयोगातच मांडीचे हाड मोडले. तरी बाईंनी तो पुरा केला. त्याच ऑक्टोबरात, एकेचाळिसाव्या वर्षी, त्या निवर्तल्या. उशीर झाला म्हणून गळा मिटून बसलेल्या भगिनींनी ती साथीवाचूनची तबकडी एकदा जरूर ऐकावी.