राजवाड्यातील वर्ग आणि रियासतीचा जन्म

शाळेत इतिहास हा विषय बहुधा पुस्तकापासून सुरू होतो. शिक्षकाच्या हाती क्रमिक पुस्तक येते, त्यातील धड्यांना तासिका वाटून दिल्या जातात आणि वर्षअखेरीस सनावळ्यांची परीक्षा होते. मराठीतील सर्वांत विस्तृत इतिहासग्रंथाची कथा मात्र नेमकी उलट आहे. तेथे आधी वर्ग होता, समोर मुले होती, शिकविण्याची निकड होती. नव्हते ते केवळ पुस्तक. ते पुस्तक शिक्षकालाच लिहावे लागले. तो शिक्षक म्हणजे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई.

सरदेसायांचा जन्म 1865 साली रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यात झाला. कोकणातील सामान्य कुटुंबातील हुशार मुलाने रत्नागिरीला शिकावे, पुढे पुणे-मुंबई गाठावी आणि पदवी पदरात पडताच नोकरी शोधावी, हा त्या पिढीचा ठरलेला मार्ग होता. त्याच मार्गाने पदवीधर होऊन ते 1889 साली बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत रुजू झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणे हे त्यांचे पहिले काम. राजपुत्रांना शिकविण्याचे काम त्यामागोमाग आले.

या नेमणुकीमागे सयाजीरावांचा स्वानुभव होता. 1875 साली दत्तक घेतले गेले तेव्हा ते नाशिककडील कवळाणे गावातील बारा वर्षांचे, अक्षरओळखही नसलेले मूल होते. इलियट या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली त्यांची घडण झाली. राज्यकर्ता शिक्षणाने घडतो ही गोष्ट त्यांना कोणी पटवून देण्याची गरज नव्हती. म्हणूनच सरदेसायांकडून त्यांनी प्रथम जी भाषांतरे करवून घेतली, ती राज्यशास्त्राची: मॅकिआव्हेलीच्या 'प्रिन्स'चे मराठी रूप आणि इंग्लंडच्या साम्राज्यविस्तारावरील सीलीचा ग्रंथ. आज शाळेत ज्याला नागरिकशास्त्र म्हणतात, त्याची ही राजवाड्यातील आवृत्ती होती. फरक इतकाच, की ती शासितांसाठी नव्हती. उद्याच्या शासकांसाठी होती.

वर्गात पाऊल टाकताच खरी अडचण उभी राहिली. मराठी मुलांना मराठ्यांचा इतिहास शिकवावा तरी कशातून? ग्रँट डफचा ग्रंथ 1826 साली निघाला होता आणि केपन याने केलेले त्याचे मराठी भाषांतर शाळांतून फिरले होते. पण तो कंपनी सरकारच्या एका अधिकाऱ्याने, जिंकलेल्या मुलखाकडे पाहत लिहिलेला इतिहास होता. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी 1867 साली, ऐन विद्यार्थिदशेत, त्यातील उणिवांवर बोट ठेवले होते. तरीही त्याची जागा घेईल असे सलग पुस्तक पुढे आले नव्हते. बखरी होत्या, पण त्यांतील कथा आणि कागदपत्रांचा पुरावा यांचा मेळ बारा-चौदा वर्षांच्या मुलाने कसा घालावा?

सरदेसायांनी मग सोपा वाटणारा, परंतु अत्यंत कष्टाचा उपाय योजिला. उद्याच्या पाठासाठी आज टिपणे काढावयाची. इंग्रजी ग्रंथ वाचावयाचे, त्यांतील मजकूर पडताळावयाचा आणि मुलांना समजेल अशा क्रमाने मराठीत मांडावयाचा. टिपणांच्या वह्या वाढत गेल्या. त्यांतूनच 1898 साली 'मुसलमानी रियासत' छापून निघाली आणि 1902 पासून 'मराठी रियासती'चे खंड येऊ लागले. आठव्या खंडापर्यंत पोहोचावयास 1932 साल उजाडले. पुढे 'ब्रिटिश रियासत'ही झाली. ज्या मुलांसाठी पहिली वही घातली ती केव्हाच मोठी झाली होती. थोरले राजपुत्र फत्तेसिंहराव तर 1908 सालीच निवर्तले. टिपणे मात्र वाढतच राहिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या काळात राजवाड्यात हा वर्ग भरत होता, त्याच काळात, 1893 साली, सयाजीरावांनी अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि 1906 साली तो सर्व राज्याला लागू केला. राजपुत्र आणि शेतकऱ्याचा मुलगा दोघेही एकाच वेळी विद्यार्थी झाले. राजपुत्रांसाठी केलेली टिपणे छापली गेल्यावर ती गावोगावच्या शिक्षकांच्या हाती पडली, यात म्हणूनच एक औचित्य आहे. सरदेसायांनी पुढे शाळांसाठीही इतिहासाची पुस्तके लिहिली.

या पद्धतीत दोष नव्हते असे नाही. वर्गासाठी लिहिणाऱ्याला कथा सलग ठेवावी लागते. संशोधकाला ती जागोजागी अडवावी लागते. राजवाडे आणि पुण्यातील अनेक संशोधक यांना रियासतीतील संकलनाची वृत्ती मानवली नाही, आणि त्यांचे काही आक्षेप सार्थही होते. परंतु नवी कागदपत्रे उजेडात आली की आपलेच लिखाण दुरुस्त करावयाचे, हा शिक्षकाचा प्रामाणिकपणा सरदेसायांनी सोडला नाही. 1925 साली बडोदे सोडून ते मावळात, इंद्रायणीकाठच्या कामशेतला येऊन राहिले. निवृत्तीचे वय उलटल्यावर त्यांनी पेशवे दप्तरातील हजारो रुमाल उलगडण्याचे काम अंगावर घेतले आणि 1930 ते 1934 या अवघ्या चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे 45 भाग प्रसिद्ध केले. ऐंशी वर्षांचे झाल्यावर त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत नव्याने लिहून काढला. आधीच्या रियासतीत जे चुकले होते ते सुधारण्याची ही त्यांची शेवटची संधी होती, आणि ती त्यांनी घेतली.

घरात मात्र नियतीने त्यांना काही राखून ठेवले नाही. इतरांच्या मुलांना शिकविण्यात आयुष्य वेचणाऱ्या या गृहस्थाचे दोन्ही पुत्र त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. त्यांपैकी श्यामकांत उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेला होता. त्याची पत्रे पुढे पुस्तकरूपाने निघाली. त्या दुःखानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत सरदेसायांच्या मेजावरचे कागद कधी आवरले गेले नाहीत. यदुनाथ सरकारांशी असलेला त्यांचा अर्धशतकाचा पत्रव्यवहारही चालूच राहिला. 1958 साली यदुनाथ गेले. त्यापुढील वर्षी, 29 नोव्हेंबर 1959 रोजी, कामशेतलाच रियासतकारांनी देह ठेवला.